हातावर

तीन कंपन्यांची तीन माणसं
पलूसच्या पुढं फाट्यावर रस्ता चुकून
तीन वेगवेगळ्या दिवशी आली
आणि मीटिंग हॉलच्या भिंतीवर
आमच्याच चार नंबर पॅनची
तीन चित्रं दाखवून गेली.

पहिल्यात पाक सोन्यासारखा हलत होता.
संचालक खुर्चीत पुढं सरकले.
दुसऱ्यात सगळं राखाडी,
बिघडेल तेवढंच लाल.
"हे बंद पडलंय का?" कुणीतरी विचारलं.
तिसरं स्वस्त. मोजून पाचशे टॅग,
पाचशे एकावा लागला की नवं लायसन्स.

माझ्या वहीत रकाने होते:
ट्रेंड किती दिवसांचे राहतात,
वीज जाऊन आली तर किती सेकंदांत उभं राहतं,
जुन्या पीएलसीशी बोलतं का,
दहा वर्षांनी ही कंपनी विकली गेली
तर फोन कोण उचलेल.
देवनागरी टाकून बघितली.
राखाडी पडद्यावर 'निर्वात'मधला रफार
कुठंच न बसता एकटा फिरत राहिला.
स्वस्तातल्यात सगळे शब्द चौकोन झाले,
धुवून पालथ्या घातलेल्या डब्यांसारखे.

आदगोंडा मगदूम, पॅनमन, सव्वीस गळीत हंगाम.
नमुन्याची दांडी ओढतात,
काचेवर थेंब पसरून दिव्यासमोर धरतात,
मग अंगठा नि तर्जनी मिटून उघडतात.
मध्ये बारीक तार.
ती तुटते कशी, तेवढंच बघतात.
लॅब तेच सांगते,
अर्ध्या तासानं.

त्यांना पहिल्या कंपनीचं टच पॅनेल दिलं.
त्यांनी बोट ठेवलं. काही झालं नाही.
पुन्हा ठेवलं, दाबलं.
विक्रेत्यानं स्वतःचं बोट लावलं, लगेच चाललं.
आदगोंडांनी पँटला हात पुसला, परत लावला.
"मला वळकत न्हाई ओ ते."
सव्वीस हंगामांच्या पाकानं
पेरं अशी जाड, गुळगुळीत झालेली
की रेशनच्या दुकानातही
अंगठा सूनच द्यायची.

राखाडीच्या पॅनेलला नुसतं दाबलेलं कळत होतं,
नखानं, पान्याच्या टोकानं, कोपरानंसुद्धा.
त्यांनी पडदाभर नजर फिरवली:
निर्वात, तापमान, ब्रिक्स, मोटरचा करंट.
"समदं हाय," म्हणाले. "दाणा कुठं हाय?"

विक्रेत्यानं माझ्याकडं बघितलं,
मी वहीकडं.

शेवटी एक बटण उरलं,
कंपनीच्या भाषेत ऑटो आणि मॅन्युअल.
मी 'स्वयंचलित' आणि 'मानवचलित' टाकलं.
आदगोंडांनी अक्षर अक्षर लावून वाचलं.
"ह्ये तहसील कचेरीतलं झालं.
आमी म्हंतो, पॅन हातावर घेतलं."

हातावर.
चार अक्षरं. ना रफार, ना जोडाक्षर.
राखाडी पडद्यावर नीट बसलं.
शेजारी 'आपोआप' लिहिलं,
तेही बसलं.

खरेदीच्या नोटमध्ये कारणाला जागा दोन ओळींची.
मी लिहिलं: जुन्या पीएलसीशी सुसंगत,
देखभाल खर्च कमी.
संचालकांनी सही केली, जरा नाराजीनं,
सोनं गेलं म्हणून.

नोव्हेंबरात मोळी पडली.
रात्रपाळीला मी ऑफिसातून तोच पडदा बघत होते.
दोन वाजून दहा मिनिटांनी
चार नंबर 'आपोआप'वरून 'हातावर' गेला.
रेघ एकदा अडखळली,
मग कृष्णेच्या उन्हाळी पाण्यासारखी सपाट.
बदलाचं कारण विचारणारा रकाना मी मुद्दाम ठेवला होता.
तो रिकामाच होता.

सकाळी पॅन स्टेशनवर गेले.
बटणाच्या जागी पाकाचा चिकट ठिपका वाळलेला,
ठशाची एकही रेघ नसलेला.
मुंग्यांना तो माझ्याआधीच सापडला होता.